ऐकणाऱ्याकडे बघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी नात पुण्याला शिकत होती. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा ती चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे नागावला आली होती, ती अडकलीच. नागाव म्हणजे अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आक्षीनंतरचं गाव. नारळी-पोफळीची वाडी, मागे समुद्र आणि करण्यासारखं काही नाही. मुलगी दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून बसायची. एका दुपारी मी पडवीत झोपाळ्यावर लवंडलो होतो आणि ती मैत्रिणीशी फोनवर तावातावाने भांडत होती. "अगं, त्या दोघांत काहीच नाहीये! नुसते देखणे असून काय करायचंय? हा बोलत असताना तो बघतो का याच्याकडे? जोडीच चुकलीये!"

मला वाटलं, कुणाचं तरी लग्न मोडतंय. काळजीने विचारलं. तर ती हसत सुटली. म्हणाली, "आजोबा, सीरियल आहे. थायलंडची." मग तिने सगळं समजावून सांगितलं. या प्रकाराला 'बॉईज लव्ह' म्हणतात, थायलंड, जपान, कोरिया, तैवान इथे अशा मालिका निघतात आणि त्यांत दोन मुलग्यांची प्रेमकथा असते. तेव्हा गाजत असलेल्या मालिकेचं नाव होतं 'टुगेदर'. त्यातले ब्राइट आणि विन हे दोन नट तिला पसंत होते. फोनवरचं भांडण चाललं होतं ते दुसऱ्याच कुठल्या तरी जोडीवरून. थायलंडमध्ये म्हणे कंपन्या दोन-दोन नटांच्या जोड्याच बांधतात, त्यांना पुन्हापुन्हा एकत्र घेतात आणि जोडी फुटली की प्रेक्षक रुसतात.

श्रोतेहो, मी दचकलो. दोन मुलग्यांच्या प्रेमकथेने दचकलो असं माझ्या नातीला वाटलं, पण तसं नव्हतं. तिचं ते वाक्य, "हा बोलत असताना तो बघतो का याच्याकडे", मी लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. माझे आजोबा, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, याच पडवीत बसून हे वाक्य म्हणायचे. तात्या बोलायचे ते बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबद्दल.

३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. निम्मी वाडी आडवी झाली आणि वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. मोबाइल बंद, मालिका बंद. संध्याकाळी कंदील लावून बसायचं आणि गप्पा मारायच्या, एवढंच उरलं. त्या अंधारात मी तिला जे सांगितलं, तेच आज थोडं नीटनेटकं करून तुमच्यापुढे ठेवतो आहे.

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण १८४३पासून धरतो. त्या साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्यातली सीता पुरुषच होती. पण तिथे देव आणि राक्षस, युद्ध आणि आरडाओरडा यांचाच बोलबाला. दोन नटांनी एकमेकांच्या प्रेमात पडलेलं दिसायचं आणि प्रेक्षकांनी ते पारखायचं, हा मामला खऱ्या अर्थाने सुरू झाला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून. दुष्यंत झाले होते मोरोबा वाघोलीकर आणि शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. दोन वर्षांनी बडोद्याहून एक कोवळा गाणारा पोरगा कंपनीत आला, भाऊराव कोल्हटकर. लोक प्रेमाने त्याला भावड्या म्हणू लागले. 'सौभद्र'मध्ये मोरोबा अर्जुन आणि भाऊराव सुभद्रा, ही आपल्याकडची पहिली गाजलेली जोडी म्हणायला हरकत नाही.

पुढे भाऊराव स्वतः नायक झाले. १८९६च्या 'वीरतनय'मध्ये शूरसेन, १८९९च्या 'शारदा'मध्ये कोदंड. काल ज्याच्यावर प्रेम करायचं तो आज प्रेम करणारा झाला. प्रेक्षकांनी तेही गोड मानून घेतलं. १९०१ साली, चाळिशीही न गाठता, भाऊराव गेले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नातीने ती मध्येच विचारली होती. ती म्हणाली, "पण मग लोकांना दिसत नव्हतं का, की दोघेही पुरुष आहेत?" दिसत होतं की! तिकीट काढतानाच ठाऊक होतं. हँडबिलावर नटाचं नाव छापलेलं असायचं. आणि बाहेर काय होतं? इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत ३७७वं कलम होतं. दोन पुरुषांचा संबंध हा त्या कायद्याने गुन्हा होता. 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं तेव्हा तो कायदा अमलात होता, बालगंधर्व ऐन बहरात होते तेव्हाही होता, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो बाजूला सारला, तोवर होता. म्हणजे आत दुष्यंत-शकुंतलेला वन्समोअर आणि बाहेर तुरुंग. या दोन गोष्टींची गाठ घालण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. रंगमंचावरचं लुगडं हा असा एक पडदा होता की त्याच्या आड सगळं चालायचं.

उलट गंमत पाहा. स्त्रियांनी रंगभूमीवर यावं की नाही यावर पुढे वाद झाले, तेव्हा विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा असायचा की परपुरुषाने परस्त्रीचा हात चारचौघांत धरणं अशोभनीय आहे. दोन पुरुषांनी नवरा-बायको होऊन हात धरला तर त्यात अशोभनीय काही नाही! आज कुणाला हे सांगितलं तर तो आपल्याकडे विचित्र नजरेने पाहील. पण नव्वद वर्षं महाराष्ट्रातल्या सभ्य कुटुंबांनी सभ्यपणा जपण्यासाठीच दोन पुरुषांची प्रेमकथा पाहिली आहे.

तर बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ साली ते किर्लोस्कर कंपनीत आले. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली होती आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्याइतकी पाठ नसलेली गोष्ट म्हणजे त्या रात्री धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. रुबाबदार गडी. भामिनीला शोभेल असा शूर सेनापती. ते त्याच वर्षी वारले. पुढे धैर्यधर पुष्कळ झाले, पण पहिला पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोरून तो हलला नाही. तात्यांच्या ओळखीचे एक वकील होते अलिबागला. ते जन्मभर प्रत्येक नव्या धैर्यधराला नावं ठेवत आणि तरी प्रत्येक वेळी तिकीट काढत.

१९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. इथून तात्यांच्या आवडीचा भाग सुरू होतो. बोडसांची खरी ताकद गद्यात. गाणं हे नारायणरावांचं राज्य. आता आपल्या संगीत नाटकात एक अडचण असते. नायिका गायला लागली की वन्समोअर धरून वीस-वीस मिनिटं गात राहणार. ती गाणार प्रेक्षकांकडे तोंड करून. तोवर शेजारच्या नायकाने काय करायचं? कित्येक नायक नुसते उभे राहायचे, उपरणं सारखं करायचे, खालच्या पेटीवाल्याकडे बघायचे. तात्यांचं म्हणणं असं, की जोडी जमली की नाही हे या वीस मिनिटांत कळतं. ते आम्हा पोरांना सांगायचे, "गाणाऱ्याकडे बघू नकोस रे. त्याच्याकडे सगळेच बघतात. ऐकणाऱ्याकडे बघ."

'संशयकल्लोळ'मध्ये बोडस फाल्गुनराव आणि नारायणराव रेवती, १९१६. आणि मग २० फेब्रुवारी १९१९ला बडोद्यात 'एकच प्याला'. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला गेले होते. त्यांनी हे नाटक रंगभूमीवर पाहिलंच नाही. बोडस सुधाकर, नारायणराव सिंधू. ज्या नटाला सगळा महाराष्ट्र भरजरी शालूत बघायला येत होता, तो इथे ठिगळाच्या लुगड्यात जात्यावर बसला. तात्यांनी हे नाटक मुंबईत पाहिलं, बोडस असताना एकदा आणि बोडस कंपनीतून गेल्यावर दोनदा. पहिल्या वेळेबद्दल ते सांगायचे की सिंधू गाते तेव्हा दारूने झिंगलेला सुधाकर तिच्याकडे बघत नाही, बघायचं टाळतो, आणि ते टाळणंच काळीज कापतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेबद्दल एवढंच म्हणायचे, "सिंधू होती. सुधाकर नव्हता. म्हणून सिंधूही अर्धीच दिसली." माझ्या नातीला ही टीका इतकी पटली की तिने ती वहीत लिहून घेतली.

तात्यांच्या आयुष्यातली हळहळ मात्र दुसऱ्या एका प्रयोगाची. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन कंपन्या एकत्र आल्या होत्या. गंधर्व मंडळीचे मालक बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्श मंडळीचे मालक केशवराव भोसले धैर्यधर. तात्या तेव्हा तेवीस वर्षांचे. पैसे साठवलेले. पण आषाढाचा पाऊस लागलेला, खाडी फुगलेली, आणि त्यांच्या आईने उंबरठ्यात उभं राहून सांगितलं की नाटकासाठी मरायचं असेल तर खुशाल जा. ते गेले नाहीत. साठ वर्षं ते सल बाळगून होते.

या प्रयोगाचं वर्णन लोक कुस्तीसारखं करतात, कोण कुणावर चढला. आणि खरंच दोन तट होते. केशवरावांचा आवाज चढा, तडफदार. नारायणरावांचा गोड, सावकाश फिरणारा. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मल्लाला टाळ्या द्यायला आले होते. पण मला नेहमी वाटतं की मुळातल्या नाटकाची गोष्टच त्यांच्या कामी आली. 'मानापमान' म्हणजे तरी काय? एका गर्विष्ठ श्रीमंत मुलीने एका स्वाभिमानी शूराला झिडकारलं आणि मग दोघांनी हळूहळू एकमेकांची किंमत ओळखली. दोन बरोबरीचे, दोघेही ताठ. आता या दोन भूमिकांत महाराष्ट्रातले दोन सर्वांत मोठे गाणारे नट, दोघेही मालक, दोघेही ईर्षेला पेटलेले. हिलाच आजची पोरं केमिस्ट्री म्हणत असावीत. प्रेमळ माणसं एकत्र आणली की ती होते असं नाही. तीत थोडी चुरस लागते. आणखी एक गोष्ट: हे केशवराव स्वतः लहानपणी 'शारदा' म्हणून गाजले होते. गाणारी नायिका शेजारी उभी असताना काय वाटतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

गिरगावात राहणारे तात्यांचे मावसभाऊ त्या प्रयोगाला गेले होते. नंतर ते गणपतीला घरी आले तेव्हा तात्यांनी त्यांना रात्रभर जागवून सगळं वदवून घेतलं, म्हणे. पदं, कपडे, कोण कुठे उभं होतं. आणि शेवटी विचारलं, "नारायणराव गात होते तेव्हा केशवराव काय करत होते?" मावसभाऊ म्हणाले, "ऐकत होते." तात्यांना तेवढ्याने समाधान झालं. प्रयोगाला तीन महिनेही झाले नव्हते तोच, ४ ऑक्टोबर १९२१ला, केशवराव गेले. वय ३१. 'संयुक्त मानापमान'पाठोपाठ 'संयुक्त सौभद्र'ही झाला होता. पुढे ती जोडी दिसणार नव्हती.

जोडी म्हणजे प्रेमाचीच हवी असंही नाही. बलवंत मंडळीच्या 'भावबंधन'मध्ये दीनानाथ मंगेशकरांची लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम. तो तिच्या अपमानाने पेटलेला खलपुरुष. मत्सराचीही जोडी जमावी लागते, आणि ती जमली होती असं जुने लोक एकमुखाने सांगत.

सिनेमातली तर गंमतच. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभं केलं. हरिश्चंद्र होते दत्तात्रय दामोदर दाबके. आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हे ऐकून नात म्हणाली, "म्हणजे स्वतःशीच केमिस्ट्री!" कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघे पोट धरून हसलो.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं समजू नका. जपानमध्ये १६२९ साली बायकांना रंगमंचावर यायला बंदी झाली आणि काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची परंपराच उभी राहिली. १९७०च्या दशकातसुद्धा तामासाबुरो आणि ताकाओ या दोन काबुकी नटांच्या जोडीने जपानी प्रेक्षकांना वेड लावलं होतं. तिथेच ताकाराझुका नावाची मंडळी १९१४पासून आहे, तिच्यात सगळ्याच बायका. चीनमध्ये मे लानफांग हा आपल्या बालगंधर्वांचा समकालीन. इथे 'संयुक्त मानापमान' झालं त्याच्या पुढच्याच वर्षी बीजिंगमध्ये त्याने यांग श्याओलौ या नटाबरोबर एका पराभूत राजाची आणि त्याच्या राणीची कथा उभी केली. तीच कथा मध्यभागी घेऊन सत्तर-एक वर्षांनी एक चिनी चित्रपट निघाला. त्यात राणी करणाऱ्या नटाचं राजा करणाऱ्या नटावर पडद्यामागेही प्रेम बसतं. १९९३ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. तेव्हा आज थायलंडच्या जोड्यांवरून भांडणाऱ्या मुली आकाशातून पडलेल्या नाहीत. या सगळ्या किनाऱ्यांवर हे भांडण जुनंच आहे.

आपल्याकडे तो पडदा हळूहळू खाली आला. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली. १ जुलै १९३३ला 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक. बाईचं काम बाईने केलं. बोलपटही आले होते. नारायणराव मात्र पन्नाशीतही रुक्मिणी आणि सिंधू होत राहिले. शरीर सुटलेलं, पण लोक जायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ते आदरानेच, पण ज्याला लोकांनी सर्वांत जास्त पाहिलं होतं त्याच्यासमोर बसून डोळे मिटून घ्यायचे, यात काहीतरी निष्ठुरही आहे. १९३८ साली गोहर कर्नाटकी कंपनीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. १९६७ साली नारायणराव गेले.

आता जे सांगायचं ते इतिहासाच्या पुस्तकात नाही.

माझे धाकटे काका आमच्या गावच्या हौशी मंडळींच्या नाटकात पंधरा वर्षं नायिका झाले. हनुमान जयंतीला वाडीत माती चोपून रंगमंच करायचा, दोन गॅसबत्त्या टांगायच्या, पदं निम्मी कापायची आणि 'एकच प्याला' करायचा. काका सिंधू. सुधाकर व्हायचे आक्षीचे एक शाळामास्तर. आक्षी म्हणजे अगदी शेजारचं गाव. मास्तर सायकलवरून तालमीला यायचे. त्या दोघांचा १९५४चा एक फोटो आमच्या घरात आहे. रंगवलेल्या पडद्यासमोर मास्तर खुर्चीवर आणि काका मागे उभे, हात खुर्चीच्या पाठीवर. गावात मत पक्कं होतं: जोडी असावी तर अशी. चौल-रेवदंड्याहून बायका बैलगाडीने यायच्या आणि रडून जायच्या. तात्या स्वतःच्या मुलाचं कौतुक कधी करायचे नाहीत, पण मास्तरांबद्दल म्हणायचे, "हा ऐकतो."

१९६२ला गावात नवं वारं आलं. बाप्यांनी बायकांची कामं करणं मागासलेपणाचं, असं तरुण मंडळींनी ठरवलं आणि मुंबईहून पैसे देऊन नटी आणली. काकांना प्रॉम्प्टिंग दिलं. मी अकरा वर्षांचा होतो आणि विंगेजवळ जमिनीवर बसलो होतो. नटी चांगली होती, हे खरं. स्वच्छ बोलायची, गळा होता. पण सुधाकर तिच्याकडे बघेना. तिची वाक्यं चालू असताना मास्तरांची नजर पुन्हापुन्हा विंगेत जायची, जिथे काका वही घेऊन स्टुलावर बसले होते. आणि काका वहीत बघत नव्हते. सिंधूची वाक्यं त्यांना पाठ होती. ते ओठांनी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर निकाल लागला: नटी फक्कड, पण मजा नाही आली. कारण कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी मास्तरांनी तब्येतीचं निमित्त सांगून काम सोडलं.

काकांचं लग्न आधीच झालेलं होतं, मुलं होती, संसार नीट चालला होता. मी कसलाही निष्कर्ष काढत नाही आणि तुम्हीही काढू नये. पण नंतरच्या वर्षांत एक गोष्ट बदलली. ज्या गावाने त्यांना ओवाळलं होतं तेच गाव त्यांना हसू लागलं. ते एसटीच्या थांब्यावर उभे राहिले की पोरं लांबून "सिंधू, ए सिंधू" अशी हाक मारायची. रंगमंचावरचं लुगडं उतरलं तसा त्या आडचा माणूस लोकांना दिसू लागला आणि लोकांना तो चालेना. हाका मारणाऱ्या पोरांत मी नव्हतो. पण त्यांच्यात उभा राहून हसणाऱ्यांत होतो, आणि काकांनी मला पाहिलं होतं. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. १९९१ साली ते गेले, तोवर बोललो नाही.

हे मी कंदिलाच्या उजेडात नातीला सांगितलं, ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तिने थोड्या वेळाने विचारलं, "आजोबा, त्या दोघांचं खरंच प्रेम होतं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. कुणी विचारलं नाही." ती म्हणाली, "आणि विचारलं असतं तर?" मला उत्तर देता आलं नाही. विचारायला शब्दच नव्हता आमच्याकडे. जो होता तो शिवीसारखा होता.

शब्द नसतानाही रंगभूमीने मध्येमध्ये चाचपडून पाहिलं, हे नोंदवायला हवं. १९७९ साली सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' आलं. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला एक म्हातारा आणि त्याची न उतरलेली स्वप्नं. चंद्रकांत काळे यांनी तो बर्वे केला. ते मी पाहिलं तेव्हा मध्यंतरातच उठून बाहेर येऊन उभा राहिलो होतो. १९८१ साली तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये रोहिणी हट्टंगडींनी दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा उभी केली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ची. २०१० साली आलेल्या 'नटरंग'मध्ये अतुल कुलकर्णींनी नाच्या होणाऱ्या पैलवानाची फरफट दाखवली आणि २०११च्या 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भाव्यांनी शालू नेसला. त्या चित्रपटाला आमच्या गावातून टेम्पो भरून मंडळी गेली होती. सुबोध सुंदर दिसला यावर सगळ्यांचं एकमत झालं. समोरचा नायक कोण होता हे परतीच्या वाटेवर कुणाला आठवेना. तात्या असते तर चिडले असते.

आणि २०२५च्या जानेवारीत बातमी आली की रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेती-गुरं करणारा त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या. भूषण मनोज आणि सूरज सुमन हे दोन नट. लुगडं नाही, शालू नाही, पदं नाहीत. दोन पुरुष, पुरुषांच्याच कपड्यांत.

सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला तेव्हा मी पुण्यात नातीकडे होतो. ती आता नोकरी करते. दुपारच्या खेळाला गेलो. चित्रपट संथ आहे. दोघे फारसे बोलत नाहीत. झाडाखाली बसतात, बकऱ्या राखतात, आणि एक बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो. माझ्या शेजारच्या रांगेत एक तरुण जोडपं कंटाळून चुळबुळत होतं. मी मात्र सवयीने गप्प असलेल्याकडेच बघत होतो.

बाहेर आल्यावर नातीने विचारलं, "काय आजोबा, जमली का जोडी?"

मी म्हटलं, "ऐकतात दोघेही."

रिक्षात बसल्यावर तिने पर्समधून मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला. नागावच्या घरातला, १९५४चा. त्या टाळेबंदीत केव्हातरी तिने भिंतीवरून उतरवून त्याचा फोटो काढून घेतला होता. फोटोत काका कॅमेऱ्याकडे बघत आहेत. मास्तरांची मान किंचित मागे वळलेली आहे, त्यामुळे त्यांचा चेहरा थोडा हलल्यासारखा आला आहे. हा दोष म्हणून तात्यांनी फोटोवाल्याला एक रुपया कमी दिला होता, असं आमच्या घरी सांगत.